शेवंतीचा तंग

१

आबांच्या तळहातांचा काळा रंग काही केल्या निघेना.

अंघोळ घालणाऱ्यांनी साबण लावून पाहिला, नारळाच्या शेंडीनं घासून पाहिलं, शेवटी कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ द्या आता, उशीर होऊन राह्यला." आकांक्षाला वडिलांजवळ बसू दिलं तेव्हा तिला चेहऱ्याकडं बघवेना, म्हणून तिनं त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडंच बघत राहिली. एकेका रेषेत काजळ भरल्यासारखा रंग मुरला होता. आबांचे हात आयुष्यभर तेलकट असायचे, पण काळे कधीच नव्हते. हे मनात येतं न येतं तोच माणसांनी तिला बाजूला केलं आणि आबांना उचललं.

घडलं होतं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी आकांक्षाच्या अकरा महिन्यांच्या चिमीचं जावळ होतं, राजूरच्या गणपतीला. या घरची रीत अशी, की जावळ काढलेलं लेकरू घोडीच्या खोगिरावर बसवून वेशीपर्यंत मिरवायचं, आणि आदल्या दिवशी घरातल्या थोरल्यानं त्याच खोगिरावर बसून घोडी दौडवून आणायची. "आधी आपण, मंग लेकरू," धर्मराज आबा म्हणायचे. त्याप्रमाणं ते सकाळी शेवंतीवर बसले. ओढ्याच्या वळणावर तंग तुटला, खोगीर फिरलं आणि आबांचं डोकं बांधाच्या दगडावर आदळलं. शेवंती एकटीच, नंग्या पाठीनं घरी आली.

तंग म्हणजे घोडीच्या पोटाखालून आवळायचा चामड्याचा पट्टा. खोगिराचा सगळा भरवसा त्याच्यावर.

"चाळीस वर्षांचा पट्टा, तुटनार न्हाई तर काय करनार!" जमलेली माणसं बोलत होती. आकांक्षाचा थोरला भाऊ रामप्रसाद मात्र एकाच माणसाकडं बघत होता. कडूबा काका गोठ्याच्या दाराशी उकिडवे बसले होते. आबांच्या लग्नाच्या आधीपासून हा माणूस या घरच्या घोड्या सांभाळत होता, आणि तंग आवळणं हे त्याचंच काम.

"तू आवळला व्हता ना तंग?" रामप्रसाद सगळ्यांसमोर ओरडला. "तुला दिसला न्हाई? परवा आबासोबत भांडन करत व्हतास, ते बी ऐकलंय मी. दहावा होऊ दे. ठाण्यात जाऊन फिर्याद देतो तुझ्यावर."

कडूबा काकांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी चिमी रडून रडून लाल झाली. घोडी दिसली की ती गप्प व्हायची, म्हणून आकांक्षा तिला गोठ्यात घेऊन गेली. कोपऱ्यात खोगीर पालथं पडलं होतं, त्याला तुटका तंग लोंबत होता. तिनं तो नुसता उचलून पाहिला.

तिची बोटं काळी झाली.

२

सकाळी तिनं तंग पडवीत उजेडाला आणला.

चिमी झोळीत झोपली होती. जावळासाठी माहेरी येताना आकांक्षानं ऑनलाइन मागवलेला, घडी होणारा पाळणा आणला होता. पहिल्याच रात्री त्याची प्लास्टिकची कडी तडकली, आणि चिमी आत असती तर काय झालं असतं या विचारानं आकांक्षाला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आबांनीच पडवीतल्या लोखंडी पाइपाला आईच्या लुगड्याची झोळी बांधून दिली. वरच्या बाजूला काय वापरलं ते जुन्या लुगड्याच्या चिंधीनं गच्च गुंडाळलेलं होतं, काचू नये म्हणून.

"दोरी पक्की आहे ना, आबा?"

"ही? माझ्याहून भरवशाची हाय." आबा हसले होते. "तुझ्या पाळन्याची वारंटी काढ बरं, कुठं हाय ती?"

तरीही आकांक्षा दर वेळी झोळी दोनदा ओढून बघायची. तिचा स्वभावच तो. ताप नसला तरी चिमीच्या कपाळाला हात लावणारी, गॅसचं बटण तीनदा तपासणारी. नवरा चिडवायचा, सासू वैतागायची. पण या बघत राहण्याच्या सवयीनंच आज तिला दिसलं ते बाकी कुणाला दिसलं नव्हतं.

पितळी बक्कल जुनंच होतं. झिजून गुळगुळीत, एका कोपऱ्याला चेपलेलं, लहानपणापासूनच्या ओळखीचं. पट्टा मात्र ओळखीचा नव्हता. आबांच्या तंगाचं तिसरं भोक ओढून ओढून चिंचोक्याएवढं झालं होतं. लहानपणी ती त्यात करंगळी घालून बसायची. या पट्ट्याची सगळी भोकं गोल आणि कोरी होती. बक्कलापासून वीतभर अंतरावर तो तुटला होता, आणि तिथं सुरीचा काप नव्हता. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे पदर सुटले होते. आत विरविरीत कापड, त्यावर भुशासारखं काहीतरी, वरून काळा पापुद्रा.

चामडं तुटलं की त्याचे तंतू दिसतात. इथं तंतूच नव्हते.

झोळीत चिमी कुशीवर वळली. तिच्या अंगावरची नवी गोधडी आईनं महिनाभर खपून शिवली होती, जाड हिरव्या दोऱ्यानं. आकांक्षानं ती सारखी केली आणि पुन्हा पट्ट्याकडं वळली. कुणीतरी आबांचा जुना तंग काढून घेतला होता. नवा बसवला होता. आणि आबांना कळू नये म्हणून जुनं बक्कल नव्या पट्ट्याला शिवलं होतं.

अपघाताला कुणी असं सोंग चढवत नाही.

३

कडूबा काकांच्या घरी ती गेली तेव्हा ते अंगणात शेवंतीसाठी आंबोण कालवत होते. रामप्रसादनं गोठ्यात यायची बंदी केली होती, तरी घोडीचं खाणं ते इथून पाठवायचे.

"काका, तंग बदललेला होता. तुम्हाला माहीत होतं?"

त्यांचा हात टोपल्यातच थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

"काका, दादा फिर्याद देणार आहे. तुम्ही बोलला नाही तर मी काय करू?"

"देऊ द्या की. पोरगं हाय. बाप गेला त्याचा." मग म्हणाले, "तंगाला मालक कुनाला हात लावू देत नव्हते, ताई. दर शनवारी करडीचं तेल सोता लावायचे. तुमची आई चिडवायची ना, माझी सवत न्हाऊन राह्यली म्हनून. मी फक्त आवळायचो."

"मग भांडण कशाचं झालं?"

"भांडन कशाचं." त्यांनी हात धोतराला पुसले. "तंग ढिला होऊन राह्यल्ता. आठ दिवसांत दोन भोकं पुढं गेल्ता. मी म्हनलं, मालक, ह्यो बघा जरा, ताणून राह्यला. तर म्हनले, ताणू दे, बसंल. मी म्हनलं, चाळीस वर्षांत कधी ताणला न्हाई अन् आता कसा? तर आवाज चढवून म्हनले, कडूबा, तू गप ऱ्हा. घरात कुनापाशी बोलायचं न्हाई."

"का?"

"ते त्यांनी सांगितलं न्हाई. गप म्हनले, मंग मी गप."

"आता ते नाहीत, काका."

कडूबा काकांचे डोळे भरून आले. "म्हनूनच तर," ते म्हणाले. "आता त्यांना इचारून तोंड तरी कसं उघडावं?"

परत येताना आकांक्षाच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ढिला होतोय हे आबांना कळलं होतं. तरी त्यांनी तो वापरला, आणि वर दुसऱ्याचं तोंड बंद केलं. ते कुणाला सांभाळत होते?

४

राधेश्यामचं दुकान राजूरच्या रस्त्यावर होतं. वरातीची बग्गी, घोडीच्या झुली, नवरदेवाच्या तलवारी, सगळं तिथं भाड्यानं आणि विकत मिळायचं. आबांचं खोगीर त्याला हवं होतं, वापरायला नव्हे. त्याच्या मेव्हण्याच्या हायवेवरच्या हॉटेलात भिंतीवर टांगायला. आबांनी त्याला अंगणातून हाकलून दिलं होतं.

"आबाचं लई वाईट झालं, ताई," तो म्हणाला. खुर्ची पुसून दिली. चिमीला गोंडा दिला, तो आकांक्षानं हळूच काढून घेतला. तोंडात घातला असता.

त्याच्या मागं खिळ्याला काळे पट्टे ओळीनं टांगले होते. कोरी गोल भोकं, चमकता पापुद्रा.

"हे चामड्याचे आहेत?"

"प्युअर लेदर."

"किती वर्षं चालतात?"

"वर्षं?" राधेश्याम हसला, मग आपण कुणासमोर हसतोय हे आठवून थांबला. "ताई, लग्नाची घोडी चालून चालून किती चालती? घरापासून मांडवापत्तर. सीजन निघला की झालं. आबासारखा पट्टा मी इकला तर त्याच गिऱ्हाइकाचा नातू येईल माझ्याकडं, त्याच्याआधी कुनीच न्हाई. मी काय खाऊ?"

"आमच्या घरी यातला एक कुणी नेला?"

त्याचा चेहरा उतरला. त्यानं झुलीची घडी उगाच मोडली आणि पुन्हा घातली.

"मला गणपतीची शपथ घातलीया."

"कुणी?"

"ते सांगितलं तर शपथ कशाची ऱ्हायली? पन एक सांगतो, ताई, मी बेइमानी केली न्हाई. बराबर सांगितलं व्हतं, ह्याला तेल-बिल बिलकुल लावायचं न्हाई. नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं. ज्यानं नेला त्याला इचारा."

आकांक्षानं एक पट्टा विकत घेतला. राधेश्यामनं तो कागदात गुंडाळून दिला आणि खाली बघत विचारलं, "ते खोगीर आता काय करनार तुमी?"

ती दुकानाची पायरी उतरली. एस.टी. येईपर्यंत तिच्या मनात राधेश्यामचं वाक्य फिरत राहिलं. ज्यानं पट्टा नेला त्याला माहीत होतं की तेल लावायचं नाही. आबांना ते माहीत नव्हतं. आणि सांगणार तरी कसं? सांगितलं असतं तर पट्टा बदलल्याचंच कळलं असतं.

५

ती रसायनशास्त्राची पदवीधर होती. त्या पदवीचा उपयोग आजवर चिमीच्या साबणाच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचण्यापलीकडं झाला नव्हता. घरी येऊन तिनं नव्या पट्ट्याचे दोन तुकडे केले. एक कोरडा ठेवला, दुसऱ्याला करडीचं तेल चोळून उन्हात ठेवला, आबा ठेवायचे तसा. चोळताना तिचे तळहात काळे झाले. दोन-तीन दिवस ती हेच करत राहिली. कोरडा तुकडा तसाच कडक राहिला. तेलाचा तुकडा आधी मऊ झाला, मग लांबला, आणि चौथ्या दिवशी तिनं ओढला तेव्हा पदर सुटून हातात आला.

चामड्याचा भुसा गोंदात कालवून केलेला पट्टा होता तो. तेलानं गोंद विरघळला. चाळीस वर्षं ज्या हातानं खरं चामडं जिवंत ठेवलं होतं, त्याच हातानं प्रेमानं चोळून चोळून हा पट्टा मारला होता.

"हे काय खेळ लावलेत?" मागं रामप्रसाद उभा होता. तो अंकुशनगरला साखर कारखान्यात नोकरीला होता. आबांनी घोडी विकून आपल्याकडं राहायला यावं म्हणून वर्षानुवर्षं मागं लागला होता.

"दादा, आबा तंगाचं कितवं भोक लावायचे?"

"मला काय ठाऊक?"

"बक्कल कुठं चेपलेलं होतं?"

"आकू, मी त्या घोडीच्या जवळ तरी गेलो का कधी?" तो एकदम ओरडला आणि मग पायरीवर बसला. "ते मला शिकवाया निघाले व्हते. मी म्हनलो, मला न्हाई शिकायचं, वास येतो. त्यावर कधी बोलले न्हाईत मला. कधीच न्हाई." त्यानं तोंड बाहीत लपवलं.

हे दादाचं काम नव्हतं. आबांचा अंगठा बक्कलावर कुठं टेकतो, हे ज्याला माहीत होतं त्यानंच ते बक्कल जपून नव्या पट्ट्याला शिवलं होतं. आणि ती शिवण अजून शाबूत होती. पट्टा तुटला, शिवण तुटली नव्हती.

रामप्रसाद उठून गेल्यावर आकांक्षानं तुटका तंग पुन्हा मांडीवर घेतला. बक्कलाजवळचे टाके छोटे, तिरपे, प्रत्येक तिसऱ्या टाक्याला उलटी गाठ. रंगानं काळे झालेले. तिनं नखानं एक टाका खरवडला.

दोरा हिरवा होता.

तिनं झोळीकडं पाहिलं. चिमीची मूठ गोधडीच्या काठावर होती. काठावर छोटे तिरपे टाके, आणि तिसऱ्या टाक्याला उलटी गाठ.

६

आई मागच्या खोलीत ज्वारीच्या कणगीपाशी बसली होती. झाकण काढलेलं, हात कोपरापर्यंत धान्यात.

"काय शोधतेस, आई?"

आईनं हात काढला नाही. "इथंच ठेवला व्हता," ती पुटपुटली.

आकांक्षा तिच्याजवळ बसली. विचारायची गरज पडली नाही. इतके दिवस दाबून ठेवलेलं आईनंच बोलून टाकलं.

"मी बदलला व्हता, आकू. राधेश्यामकडून आनला, दाभनानं बक्कल शिवलं. त्यांना म्हनलं असतं तर ऐकलं असतं का? अन् तू रोज फोनवर, आई, तो पट्टा किती जुना आहे, चिमी पडली तर, आई तू आबांशी बोल. मला बी झोप लागंना. म्हनलं, लेकराचा जीव हाय. जुना इथं जवारीत लपवला." तिनं धान्यातून मूठ काढली, दाणे गळून गेले. "पन त्यांना सापडला गं. जावळाच्या आधी मी बघितलं तर न्हाई इथं. त्यांनी काढून परत घोडीला लावला. अन् तोच तुटला. मी जाळून टाकायला पायजे व्हता. चुलीत घालायला पायजे व्हता त्याला."

"म्हणून तू कडूबा काकांबद्दल काही बोलली नाहीस?"

"त्याचा काय दोष? मी रामला रोज सांगते, त्याला सोड. पन का सोड, ते कसं सांगू? त्यांनी माझ्यापासून लपवून जुना लावला, असं कसं सांगू मी मेलेल्या मानसाबद्दल?"

आईनं तुटका तंग हातात घेऊन पाहिलाच नव्हता. आपण बदललेला पट्टा आबांनी काढून टाकला, आणि आपली भीतीच खरी ठरली, एवढ्या एका समजुतीवर आई जगत होती. तुटला तो नवा, हे तिला माहीत नव्हतं.

सांगितलं तर आई उरणार नाही. नाही सांगितलं तर कडूबा काका उद्या ठाण्यात.

आणि या सगळ्याच्या मुळाशी फोनवरचा तिचा स्वतःचा आवाज होता.

७

दहावा झाला. माणसं पांगली. रामप्रसादनं बूट चढवले. "चल, आकू, येतीस का ठाण्यात?"

कडूबा काका बोलावल्यासारखे अंगणात येऊन बसले होते. कुणी हाक मारेल तेव्हा उठायचं, अशा तयारीनं.

"दादा, बस. आधी हे बघ." आकांक्षानं पडवीत सगळं मांडलं. तुटका तंग, राधेश्यामकडचा कोरडा तुकडा, तेलानं विरघळलेला तुकडा. गोल भोकं दाखवली, पदर दाखवले. "तुटला तो जुना नव्हताच. नवा होता. आबांनी नेहमीसारखं तेल लावलं आणि तेलानंच तो गेला. काकांनी ढिला होतोय म्हणून सांगितलं होतं, आबांनी त्यांना गप्प केलं. भांडण झालं ते त्यावरून."

रामप्रसाद तुकडे उलटसुलट करत राहिला. कडूबा काकांकडं त्याला बघता येईना.

"मंग बदलला कुनी?"

दारात आई येऊन उभी होती. आकांक्षानं तिच्याकडं बघायचं टाळलं.

"मी," ती म्हणाली. "मीच राधेश्यामकडून मागवला. चिमीसाठी."

आई हळूहळू पुढं आली, खाली बसली, आणि तुटका तंग पहिल्यांदाच हातात घेतला. बक्कलाजवळच्या टाक्यांवरून तिचं बोट फिरलं. उलट्या गाठीवर थांबलं.

"खोटं नको बोलू, माय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "ह्यो माझा टाका हाय." मग रामप्रसादला म्हणाली, "तिनं न्हाई रे. मी. कडूबाला काय बोलू नको. जे बोलायचं ते मला बोल."

रामप्रसादनं बूट काढले. अंगणात उतरून कडूबा काकांच्या शेजारी मातीत बसला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघंही रडत होते, पण आईच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. आकांक्षाला त्याचीच भीती वाटत होती. आई टाक्यांकडं बघत होती, जणू तिच्याच हातांनी काय केलं ते मोजत होती.

"मंग जुना कुठंय?" आई अचानक म्हणाली. "कनगीतून कुनी नेला?"

आकांक्षानं डोळे मिटले. तळहात दिसले. साबणानं न निघणारे काळे तळहात.

"आबांनीच नेला," ती म्हणाली. "आई, जुन्या तंगाला तेल लावून त्यांचे हात कधी काळे झाले होते? कधीच नाही. पहिल्याच शनिवारी हात काळे झाले तेव्हाच त्यांना कळलं, हा माझा तंग नाही. मग तुझा टाकाही कळला असेल. म्हणून तर काकांना गप्प केलं. घरात कुणापाशी बोलू नको म्हणाले. नवं चामडं आधी ताणतं, मग बसतं, असंच त्यांना वाटलं. ते चामडंच नाही, हे कुठून कळणार? त्यांनी आणखी तेल लावलं."

"कळलं व्हतं तर परत जुना का न्हाई लावला?" रामप्रसादनं अंगणातूनच विचारलं.

उत्तर आईनं दिलं. फार हळू.

"लावला असता तर मला समजलं असतं, का त्यांना समजलंय." तिनं तंग खाली ठेवला. "मला खाली बघावं लागलं असतं. ते न्हाई चाललं त्यांना."

आधी आपण, मग लेकरू. नव्या पट्ट्यावर आबांचा भरवसा पुरता बसला नव्हता, म्हणूनच त्या दिवशी त्यांनी घोडी नेहमीपेक्षा जोरात दौडवली असणार.

झोळीत चिमी जागी झाली होती. पाय झाडत होती, आणि पाइपाला हिसका बसत होता. आकांक्षाचा हात सवयीनं वर गेला, झोळी ओढून बघायला. हात तिथंच थांबला.

माझ्याहून भरवशाची हाय.

तिनं झोळीच्या वर गुंडाळलेल्या चिंधीची गाठ सोडली. एक वेढा, दुसरा, तिसरा. जुन्या लुगड्याच्या आतून चामडं दिसू लागलं, जुन्या गुळासारखं काळपट, मऊ, हाताच्या घामानं आणि तेलानं गुळगुळीत झालेलं. बक्कल काढल्याची जागा. आणि चिंचोक्याएवढं तिसरं भोक.

इतके दिवस तो तिच्या लेकराच्या डोक्यावर होता. ती दर वेळी त्यालाच ओढून बघत होती.

आई उठली. पट्टा पाइपावरून खाली तिच्या कपाळापर्यंत येत होता. तिनं त्याला हात लावला नाही, नुसती बघत राहिली.

"आकू," मग ती म्हणाली, "आज कोनता वार?"

"शनिवार."

"तेलाची वाटी आन."

आकांक्षानं करडीच्या तेलाची वाटी आणली. चिमीला उतरवायला ती पुढं झाली तर आईनं मानेनंच नको म्हटलं. बोटं बुडवून तिनं पट्ट्यावर तेल चोळायला सुरुवात केली, वरून खाली, पुन्हा वरून खाली. सवत म्हणून ज्याला आयुष्यभर हिणवलं, त्याला पहिल्यांदाच तेल लावत होती. तिच्या हाताबरोबर झोळी हलू लागली. चिमीचे पाय थांबले, डोळे जड झाले, आणि ती झोपली.

तेल संपल्यावर आईनं दोन्ही तळहात पडवीच्या उजेडात धरले. उलटे केले, पुन्हा सरळ केले. खूप वेळ ती त्यांच्याकडं बघत होती.

तळहात स्वच्छ होते. तेलानं नुसते चमकत होते.